खाऱ्या वाऱ्यातील मोटार : सांगाडा, पत्रा आणि गंज

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या किनारपट्टीवरील गावांत संध्याकाळी उशिरा येणारी आणि पहाटे परत निघणारी एस. टी.ची 'वस्तीची गाडी' हा ग्रामजीवनाचा अविभाज्य भाग होय. मालवण, देवगड व वेंगुर्ले तालुक्यांतील खाडीकाठच्या आणि समुद्रकाठच्या वाड्यांतून शाळा-महाविद्यालयात जाणारी मुले, मासळीच्या टोपल्या घेऊन बाजार गाठणाऱ्या स्त्रिया, ओरोस येथील जिल्हा कचेरीत काम असलेला शेतकरी या सर्वांचा दिवस त्या गाडीने सुरू होतो. रात्री गाडी माडांच्या सावलीत उभी राहते. चालक व वाहक विश्रांती घेतात. गाडीच्या पत्र्याला मात्र विश्रांती नसते. समुद्रावरून येणारा खारा वारा, पहाटेचे दव आणि रस्त्याची ओली तांबडी माती यांचे काम रात्रभर चालू असते. हे काम डोळ्यांना दिसत नाही. ते दिसते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो.

मोटारीचे इंजिन बिघडले तर गाडी थांबते आणि दोष लगेच लक्षात येतो. सांगाडा किंवा पत्रा कुजला तर गाडी चालतच राहते, हाच त्यातील खरा धोका आहे. अपघाताच्या वेळी प्रवाशाचे संरक्षण करावयाचे ते याच सांगाड्याने आणि याच पत्र्याने. म्हणूनच मोटारीची बांधणी कशी होते, किनाऱ्यावर तिचा ऱ्हास का होतो, कुजलेल्या भागाच्या जागी नवा भाग कसा घडविला जातो आणि त्याबाबत कायद्याच्या मर्यादा कोणत्या, ही माहिती केवळ गॅरेजवाल्यांपुरती राहून चालणार नाही. शाळेची गाडी, रुग्णवाहिका, पाण्याचा टँकर किंवा घंटागाडी यांच्याशी ज्यांचा संबंध येतो अशा प्रत्येक शिक्षकाला, अधिकाऱ्याला व पंचायत सदस्याला तिचा उपयोग आहे.

सांगाडा आणि कवच

बस, मालमोटार किंवा जुन्या पद्धतीची जीप यांचे दोन ठळक भाग पडतात. एक चासी आणि दुसरा तिच्यावर चढविलेली बॉडी. चासी म्हणजे गाडीचा कणा. पन्हळीसारख्या आकाराच्या दोन लांब पोलादी तुळया समांतर ठेवून त्या आडव्या तुकड्यांनी जोडल्या की चासीचा मूळ सांगाडा तयार होतो. इंजिन, गिअरपेटी, आस, पाटे आणि सुकाणूची यंत्रणा हे सर्व याच सांगाड्याला बांधलेले असते. त्यामुळे बॉडी नसलेली चासीदेखील रस्त्यावर चालू शकते. कारखान्यातून निघालेली उघडी चासी डोक्याला फडके गुंडाळलेला चालक हाकीत नेत असल्याचे दृश्य महामार्गावर अनेकांनी पाहिले असेल.

या चासीवर बॉडी बांधण्याचे काम कौलारू घर उभारण्याच्या कामासारखेच क्रमाने होते. प्रथम चासीवर आडवे धारक बसवितात. त्यांच्या टोकांवर उभे खांब येतात. खांबांवर छताच्या कमानी चढतात. खिडक्यांच्या खालून आणि वरून लांब पट्ट्या फिरवून हे सर्व एकजीव करण्यात येते. त्यानंतर तळाच्या फळ्या किंवा पत्रा, बाजूचे व छताचे पत्रे, विजेच्या तारा, काचा, आसने आणि शेवटी रंग असा क्रम असतो. घराचे वासे आणि कौले यांत जो फरक, तोच बॉडीचा सांगाडा आणि वरचा पत्रा यांत आहे. भार आणि धक्का सोसावयाचा तो सांगाड्याने. ऊन-पाऊस अडवावयाचा तो पत्र्याने. अर्थात पत्रा सांगाड्याला नीट जडविलेला असेल तर तोही सांगाड्याला ताठपणा देतो.

लहान मोटारींची गोष्ट वेगळी आहे. एकेकाळी मालवण-सावंतवाडीच्या रस्त्यांवर सर्रास दिसणाऱ्या फियाट आणि अँबॅसॅडर या गाड्यांना बसप्रमाणे स्वतंत्र चासी नव्हती. त्यांचा तळ, दारांखालचे उंबरे, खांब आणि छत हे सर्व पत्रे एकमेकांना जोडून त्यांचीच एक पेटी बनविलेली असे आणि गाडीचा भार ती पेटीच सोसत असे. या भेदाचा व्यावहारिक अर्थ महत्त्वाचा आहे. जीपच्या तळाचा पत्रा कुजला तर तो बदलता येतो, कारण खाली चासी शाबूत असते. फियाटचा उंबरा किंवा तळ कुजला तर गाडीचा कणाच कुजला असे समजावे. वरून रंग कितीही चकचकीत असला तरी त्याने या वस्तुस्थितीत फरक पडत नाही.

लाकडापासून पोलादाकडे

महाराष्ट्रात मोटारीची बॉडी बांधण्याचा सर्वांत मोठा आणि दीर्घ अनुभव राज्य परिवहन महामंडळाच्या पदरी आहे. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, या मार्गावर पहिली गाडी धावली, तेव्हा तिची बॉडी लाकडी होती आणि आसनांत काथ्या भरलेला होता. गाडीत ३० प्रवासी बसत. त्या काळी बेडफर्ड, शेव्हरोलेट, अल्बियन, लेलँड, मॉरिस अशा नाना कंपन्यांच्या चासी सेवेत होत्या. चासी परदेशी बनावटीची आणि तिच्यावरची बॉडी इथल्या सुताराच्या व लोहाराच्या हातची, असा तो प्रकार होता.

पुढे प्रवासी वाढले, रस्ते लांबले आणि लाकडी बॉडीच्या मर्यादा स्पष्ट झाल्या. लाकूड पावसाने फुगते, उन्हाने तडकते, त्याचे सांधे ढिले होतात आणि टक्कर झाली असता त्याच्या ढलप्या उडतात. म्हणून लाकडाच्या जागी पोलादी बॉडी आली. ती मजबूत होती, टिकाऊही वाटत होती. परंतु किनारपट्टीवर तिला एक नवाच शत्रू भेटला, तो म्हणजे गंज. देशावर जी पोलादी गाडी वर्षानुवर्षे चांगली राहते तिला कोकणात लवकर गंज चढतो, असा अनुभव आला. या कारणास्तव १९६० च्या सुमारास ॲल्युमिनियमच्या बॉडीचा अवलंब करण्यात आला. निळ्या-रुपेरी रंगाच्या जागी लाल रंग आला तोही याच सुमारास. ज्या लाल गाडीला आज लोक प्रेमाने 'लालपरी' म्हणतात, तिच्या घडणीत कोकणच्या खाऱ्या वाऱ्याचाही असा वाटा आहे.

पुण्याजवळील दापोडी, छत्रपती संभाजीनगर येथील चिकलठाणा आणि नागपूर येथील हिंगणा या तीन मध्यवर्ती कार्यशाळांनी पुढील अनेक दशके चासीवर ॲल्युमिनियमच्या बॉडी चढविल्या. परंतु २०१८ च्या सुमारास महामंडळ पुन्हा पोलादाकडे वळले. चासी व इंजिन चांगल्या स्थितीत असलेल्या गाड्यांची जुनी ॲल्युमिनियमची बॉडी उतरवून त्यांवर पोलादी बॉडी बांधण्याचे काम या कार्यशाळांतून हाती घेण्यात आले. अपघातात प्रवाशांना अधिक संरक्षण मिळावे हा त्यामागील मुख्य हेतू होता. ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा टकरीत फाटतो आणि त्याच्या कडा धारदार होतात. पोलादी नळ्यांचा सांगाडा वाकतो, पण सहसा तुटत नाही. २०२४ मध्ये तर महामंडळाने संपूर्ण बांधून तयार झालेल्या दोन हजारांहून अधिक गाड्यांची मागणी उत्पादकाकडे नोंदविली.

हा बदल सुरक्षिततेच्या दृष्टीने योग्यच आहे. मात्र त्याचबरोबर १९६० पूर्वीचा प्रश्न किनारपट्टीवर पुन्हा उभा राहतो, याकडे दुर्लक्ष करता येणार नाही. पोलादाची ताकद हवी असेल तर गंजाचा बंदोबस्तही हवा. सिंधुदुर्गातील मालवण, देवगड, विजयदुर्ग, वेंगुर्ले यांसारख्या आगारांना आणि तितकेच खाजगी वाहनधारकांना हे भान ठेवावे लागेल.

मीठ नेमके काय करते?

लोखंड गंजण्यास हवा आणि पाणी दोन्ही लागतात. ओलाव्याच्या पातळ थरात लोखंडाच्या पृष्ठभागावर अक्षरशः लहान लहान विद्युत्घट तयार होतात. एका ठिकाणी लोखंड विरघळते, तर दुसऱ्या ठिकाणी हवेतील प्राणवायू वापरला जातो आणि दोहोंच्या संयोगाने तांबूस गंज बनतो. मीठ या क्रियेला दोन प्रकारे हातभार लावते. खारे पाणी विजेचे चांगले वाहक असल्यामुळे विद्युत्घटांचे काम वेगाने चालते, आणि मिठातील क्लोराइड धातूवरील संरक्षक थर भेदून आत शिरते. शिवाय मीठ हवेतील ओलावा शोषून घेते. त्यामुळे पाऊस नसतानाही मिठाचा थर बसलेला पत्रा दीर्घकाळ ओलसर राहतो.

गंजाचे आकारमान मूळ लोखंडापेक्षा कित्येक पटीने अधिक असते. दोन पत्र्यांच्या सांध्यात गंज चढू लागला की तो फुगून पत्रे एकमेकांपासून दूर सारतो. रंगाखाली फोड दिसू लागतो तो याच कारणाने. बाहेर नाण्याएवढा फोड दिसला तर आतील बाजूस त्याहून मोठा भाग कुजला असण्याचा संभव धरावा, कारण गंजाची सुरुवात बहुधा आतून होते. दाराचा तळ, मडगार्डाच्या आतील कड, पायरीचा सांधा, खांबांची बुडे या ठिकाणी माती साचते, माती ओल धरून ठेवते आणि पाण्याला बाहेर पडण्यास वाट राहत नाही.

ॲल्युमिनियमवर हवेच्या संपर्काने आपोआपच एक पातळ, घट्ट थर बसतो व तो आतील धातूचे रक्षण करतो. या धातूचे वजनही पोलादाच्या सुमारे एक तृतीयांश. मात्र त्याचा ताठपणाही सुमारे एक तृतीयांशच असल्यामुळे पत्रा अधिक जाड घ्यावा लागतो. दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. ॲल्युमिनियम आणि पोलाद खाऱ्या ओलाव्यात एकमेकांस टेकले तर त्यांचा मिळून विद्युत्घट बनतो आणि त्यात ॲल्युमिनियम झिजते. पोलादी खांबावर जडविलेल्या ॲल्युमिनियमच्या पत्र्याखाली पांढरी भुकटी आढळते, ती या झीजेची खूण होय. यावर उपाय एकच : दोन धातूंची गाठ पडू न देणे. सांध्यात गंजरोधक रंगाचा थर व त्यावर रबर, डांबरी पट्टी किंवा तत्सम अस्तर घालूनच पत्रा जडविला पाहिजे.

रिव्हेटच्या निवडीतही हाच विचार करावा लागतो. मोठ्या पोलादी पत्र्यात लहानशी ॲल्युमिनियमची रिव्हेट मारली तर सर्व झीज त्या एका रिव्हेटवर येते आणि ती अल्पावधीत खलास होते. म्हणून रिव्हेट शक्यतो पत्र्याच्याच धातूची असावी.

पत्र्याला आकार देण्याची विद्या

जुन्या गाडीचा भाग बाजारात मिळेनासा झाला की तो हातानेच घडवावा लागतो. जुन्या जीपचे मडगार्ड असो, चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या मोटारीच्या दाराचा खालचा भाग असो किंवा बसच्या कोपऱ्याचा गोलाकार पत्रा असो, पद्धत मूलतः एकच आहे.

पहिले काम मोजमापाचे. गाडीची एक बाजू शाबूत असेल तर तिच्यावर जाड कागद किंवा पुठ्ठा बसवून नमुना कापतात. दुसऱ्या बाजूसाठी तो उलटा करून वापरता येतो. गोलाई जुळते की नाही हे पाहण्यासाठी लाकडी फळीचे किंवा पत्र्याचे साचे कापून ठेवतात. नमुना पत्र्यावर उतरविताना कडेला घडीसाठी आणि सांध्यासाठी अधिक जागा सोडावी लागते. ही जागा सोडण्यास विसरले की सगळी मेहनत वाया जाते, हे शिकाऊ उमेदवार पहिल्याच महिन्यात शिकतो.

दुसरे काम आकार देण्याचे. सरळ घडी घालणे सोपे आहे, कारण त्यात पत्रा ताणला जात नाही. दोन्ही दिशांनी गोलाई हवी असेल तेव्हा पत्र्याचा काही भाग ताणावा लागतो आणि काही भाग आकसावा लागतो. वाळूने भरलेल्या चामडी पिशवीवर पत्रा ठेवून लाकडी मोगरीने ठोकले की मधला भाग ताणून खोलगट होतो. कडेला पडणाऱ्या चुण्या हळूहळू ठोकून आत जिरविल्या की कड आकसते. नंतर पत्र्याच्या मागे पोलादी ठोकळा धरून सपाट हातोडीने हलके हलके ठोके देतात आणि खाचखळगे काढतात. वरवर पाहता हे सारे बळाचे काम वाटते. प्रत्यक्षात ते संयमाचे काम आहे.

ठोकून ठोकून पत्रा कडक होतो आणि पुढे तडकू लागतो. तो पुन्हा मऊ करण्यासाठी तापवावा लागतो. लोखंड तापले म्हणजे लाल होते, त्यामुळे त्याची उष्णता डोळ्यांनी समजते. ॲल्युमिनियम मात्र रंग न बदलता ६६० अंश सेल्सिअसला एकाएकी वितळते. यावर जुन्या कारागिरांनी एक युक्ती शोधून काढलेली आहे. पत्र्यावर साध्या साबणाची वडी घासावी आणि मग ज्योत फिरवावी. साबणाचा माग काळपट झाला की पत्रा पुरेसा तापला असे समजून ज्योत काढून घ्यावी. शाळेच्या विज्ञान वर्गात द्रवणांकाचा धडा शिकविताना याहून चांगले उदाहरण क्वचितच मिळेल.

तिसरे काम जोडणीचे. कुजलेला भाग चांगला धातू लागेपर्यंत कापून टाकणे ही त्यातील पहिली अट होय. गंजलेल्या कडेला नवा पत्रा जोडणे म्हणजे वाळवी लागलेल्या वाशाला नवा तुकडा ठोकणे होय. जुन्या पत्र्यावर नवा पत्रा नुसता चढवून जोडला तर दोहोंच्या मधल्या फटीत पाणी साचते आणि तेथूनच पुन्हा गंज सुरू होतो. म्हणून शक्य तेथे कडेला कड भिडवूनच सांधा करावा. पातळ पत्रा एका टोकापासून सलग वेल्डिंग करीत नेला तर तो उष्णतेने वाकडा होतो. त्यासाठी आधी दूरदूर टाके घालावेत, प्रत्येक टाका थंड होऊ द्यावा आणि मग मधल्या जागा भराव्यात. जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्यावर वेल्डिंग करण्यापूर्वी सांध्याजवळचा मुलामा घासून काढावा व जागा हवेशीर ठेवावी, कारण जस्ताचा धूर श्वासात गेल्यास थंडी-ताप भरतो.

शेवटी रंगापूर्वीची तयारी. 'लांबी' भरून पत्रा गुळगुळीत करण्यात गैर काही नाही. परंतु लांबी ही खळगा भरण्यासाठी असते, भोक बुजविण्यासाठी नव्हे. कुजलेल्या पत्र्याच्या भोकावर जाळी लावून लांबी थापणे आणि वरून रंग मारणे हा प्रकार दुरुस्तीचा नसून दोष झाकण्याचा आहे. अशी लांबी आतील ओलावा धरून ठेवते आणि गंजाला अधिकच वाव देते. नव्या पत्र्याच्या आतील बाजूसही गंजरोधक रंग आणि पोकळ्यांत मेणयुक्त तेल मारणे, तसेच पाणी निघून जाण्याची छिद्रे मोकळी ठेवणे, ही कामे किनाऱ्यावर बाहेरच्या रंगापेक्षाही महत्त्वाची ठरतात.

चासीला हात लावताना

पत्र्याची चूक डोळ्यांना खुपते, चासीची चूक जीव घेऊ शकते. त्यामुळे चासीच्या कामास वेगळे नियम लागू पडतात.

दोन टोकांना आधार असलेली तुळई मध्ये भार आल्यावर किंचित वाकते. त्या वेळी तिची वरची कड दाबली जाते आणि खालची कड ताणली जाते. उभ्या भागाच्या मध्यावर ताण आणि दाब दोन्ही नाममात्र असतात. चासीच्या तुळईचेही असेच आहे. म्हणूनच तिच्या वरच्या आणि खालच्या आडव्या पट्टीला भोक पाडू नये किंवा वेल्डिंग करू नये, अशी उत्पादकांची सूचना असते. काही जोडावयाचेच असेल तर ते उभ्या भागावर, उत्पादकाने दिलेल्या भोकांत बोल्ट घालून किंवा तुळईला कवेत घेणाऱ्या बोल्टने जोडतात. वेल्डिंगच्या उष्णतेने आजूबाजूच्या पोलादाचा गुण बदलतो आणि नेमकी तेथूनच पुढे चीर जाते.

सिंधुदुर्गातून देशावर जाणाऱ्या गाड्यांना आंबोली, फोंडा किंवा गगनबावड्याचा घाट चढावा लागतो. वळणावर एक चाक उंच आणि दुसरे सखल असते, तेव्हा चासी पिळवटली जाते. सपाट रस्त्यावर निभावून जाणारी चीर घाटात वाढते. चासीची तपासणी करताना पाट्यांचे आधार, आडव्या तुकड्यांचे सांधे आणि सुकाणूच्या पेटीजवळचा भाग घासून, स्वच्छ करून पाहावा. चिरेच्या कडेने गंजाची बारीक तांबडी रेघ दिसते, ती धोक्याची सूचना समजावी. अशी चीर आढळल्यास अधिकृत कार्यशाळेचा सल्ला घेतल्याखेरीज तिच्यावर वेल्डिंग मारून गाडी रस्त्यावर आणणे कदापि इष्ट नाही.

कायद्याची चौकट

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या तरतुदीचा अर्थ अधिक स्पष्ट केला. कुजलेल्या मडगार्डाच्या जागी त्याच आकाराचे नवे मडगार्ड बसविणे ही दुरुस्ती होय. चासी लांबविणे, आसने वाढविणे, छत उंचावणे किंवा जीपची मालगाडी करणे हा बदल होय. चासीवर कोरलेला क्रमांक ही वाहनाची ओळख असते. तो भाग कापणे, घासणे किंवा त्यावर दुसरा पत्रा चढविणे यातून गंभीर कायदेशीर अडचणी उद्भवू शकतात. शंका असल्यास काम सुरू करण्यापूर्वीच उपप्रादेशिक परिवहन कार्यालयात विचारणा करणे श्रेयस्कर.

बसच्या बॉडीसाठी 'एआयएस ०५२' ही बांधणी संहिता देशभर लागू आहे. दारे, संकटकाळी बाहेर पडण्याचे मार्ग, आसनांमधील अंतर आणि सांगाड्याची ताकद यांची किमान प्रमाणे तीत घालून देण्यात आली आहेत. शाळेसाठी गाडी घेताना किंवा भाड्याने ठरविताना शाळा समितीने या बाबी अवश्य तपासाव्यात.

ज्यांच्याकडे वाडवडिलांपासून चालत आलेली मोटार आहे अशांसाठी जुलै २०२१ मध्ये केंद्र शासनाने स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीस ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेल्या दुचाकी व चारचाकी गाडीची 'विंटेज' म्हणून नोंदणी करता येते. मात्र तिची चासी, बॉडी व इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये व फेरनोंदणीचे ५,००० रुपये असून नोंदणी १० वर्षांसाठी असते. अशी गाडी प्रदर्शन, मेळावा, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे व देखभाल यांपुरतीच रस्त्यावर आणता येते, नेहमीच्या वापरासाठी नव्हे. यावरून हेही ध्यानात येईल की, जुन्या गाडीचे भाग घडविताना मूळ आकार जपणे ही केवळ हौसेची बाब राहिलेली नसून नोंदणीची अट बनली आहे.

शासकीय वाहनांबाबत आणखी एक तरतूद पंचायत सदस्यांनी लक्षात ठेवावयास हवी. १५ वर्षे पूर्ण झालेल्या शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या तसेच परिवहन महामंडळांच्या मालकीच्या वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण १ एप्रिल २०२३ पासून बंद करण्यात आले आहे. साहजिकच चौदाव्या वर्षी टँकरच्या बॉडीवर मोठा खर्च करणे शहाणपणाचे ठरणार नाही. उलट पहिल्या वर्षापासून गंजाचा बंदोबस्त केल्यास ती पंधरा वर्षे निर्धोक पार पडतील.

गावपातळीवर काय करता येईल?

यातील पुष्कळसे उपाय खर्चाचे नाहीत. समुद्रकाठी मुक्कामाला असणारी गाडी आठवड्यातून किमान एकदा खालच्या बाजूसही गोड्या पाण्याने धुवावी. नुसता वरचा पत्रा पुसून भागत नाही. मडगार्डाच्या आतील माती निघाली पाहिजे. खारे पाणी उडणाऱ्या जागेपासून शक्य तितक्या दूर, शक्य असल्यास शाकारलेल्या आडोशाला, वाहनाचा तळ असावा. पावसाळ्यापूर्वी, म्हणजे मे महिन्यात, आणि पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरात तळाची तपासणी करून उघडा पडलेला धातू घासून रंगवावा. दारांची व उंबऱ्यांची पाणी जाण्याची छिद्रे तारेने मोकळी करावीत. ग्रामपंचायतीने वाहनाच्या नोंदवहीत इंजिन-तेलाच्या नोंदीबरोबर या तपासणीचीही नोंद ठेवण्याची प्रथा पाडल्यास दोष वेळीच उघडकीस येतील.

वाहन दुरुस्तीस देताना काम कोणते करावयाचे हे लेखी ठरवावे. 'रंगकाम' एवढाच शब्द देयकात असेल तर कुजलेला पत्रा कापला की लांबीने झाकला, हे कळण्यास मार्ग राहत नाही. पत्रा कापल्यानंतर आणि रंग देण्यापूर्वी एकदा समक्ष पाहणी करावी. गाडीचा खरा लेखाजोखा त्या अवस्थेतच दिसतो.

शिक्षकांचा वाटा याहून मोठा आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून पत्राकाम, वेल्डिंग आणि मोटार दुरुस्ती हे व्यवसाय शिकविले जातात व शिकाऊ उमेदवारी अधिनियम, १९६१ अन्वये प्रत्यक्ष कामाचा अनुभवही मिळतो. तयार गाड्या कारखान्यातूनच येऊ लागल्यामुळे बॉडी बांधण्याचे काम कमी होईल. परंतु ती सांभाळण्याचे, अपघातानंतर सरळ करण्याचे आणि किनाऱ्यावर गंजापासून वाचविण्याचे काम कमी होणार नाही. पत्र्याला गोलाई देणारा हात जर पुढच्या पिढीत तयार झाला नाही तर कुजलेल्या भागावर लांबी थापण्यावाचून दुसरा मार्ग उरणार नाही. आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांना गंजाचा धडा शिकविताना गावातील गॅरेजात एक फेरी घडविली तर धडाही समजेल आणि एखाद्या मुलाला आपला व्यवसायही सापडेल.

या किनाऱ्याला खाऱ्या पाण्याशी झुंजणारी बांधणी नवी नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या तटाने साडेतीनशेहून अधिक वर्षे लाटा झेलल्या आहेत. विजयदुर्गाजवळ गिर्ये येथे खडकात खोदलेली आरमारी गोदी गलबतांच्या दुरुस्तीची साक्ष देत आजही उभी आहे. आजही हंगाम संपला की होडी किनाऱ्यावर ओढली जाते, तिचा तळ घासून कोरडा केला जातो, फळी कुजली असेल तर ती बदलली जाते आणि मगच तेलपाणी होते. होडीच्या तळाकडे पाहिल्याविना समुद्रात जाऊ नये, हे येथील प्रत्येक मच्छीमाराला ठाऊक आहे. पहाटेच्या गाडीत आपली मुले बसवून देताना तीच दक्षता मोटारीच्या तळाबाबत घेतली, तर 'बहुजन हिताय, बहुजन सुखाय' हे एस. टी.चे ब्रीद किनाऱ्यावरील शेवटच्या वाडीपर्यंत सुरक्षितपणे पोहोचेल.